तीस वेळा तीच चाल

गवयाच्या घरात वाढलेल्या माणसाने मेंदूच्या शस्त्रवैद्यावर लेख लिहावा, हा वाचकांस आगंतुकपणा वाटेल. पण डॉ. वाइल्डर पेनफील्ड ह्यांची नि माझी ओळख झाली ती एका गाण्यामुळेच.

कॅनडातील माँट्रियल शहरी एक बाई शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत्या. कवटीचा एक भाग उघडलेला, पण बाई पूर्ण जाग्या. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून तेवढ्या जागेपुरती भूल पुरते. डॉक्टरांनी विजेच्या तारेचे बारीक टोक कानशिलाच्या आतल्या भागास लावले, आणि बाईंना वाद्ये ऐकू येऊ लागली. टोक उचलले की वाद्ये बंद. पुन्हा लावले की तीच चाल, त्याच जागेपासून. खोलीत कोणी ग्रामोफोन लावीत आहे, अशी बाईंची समजूत झाली. त्यांना चकवीत चकवीत डॉक्टरांनी तो बिंदू तीस वेळा तपासला. तीसही वेळा तीच चाल. बाई गुणगुणू लागल्या तेव्हा लयही हवी तीच होती, हेसुद्धा त्यांनी टिपून ठेवले. रोग्याची लय टिपणारा हा शस्त्रवैद्य कोण, म्हणून मी त्याच्या मागे लागलो.

पेनफील्ड जन्माने अमेरिकन, १८९१ सालचे. ऑक्सफर्डला शेरिंग्टन ह्यांच्यापाशी मज्जासंस्थेचा अभ्यास केला. १९१६ साली महायुद्धात त्यांची बोट टॉर्पेडोने फुटली. पाय जायबंदी झाला, जीव वाचला. पुढे १९२४ त ते माद्रिदला मेंदूच्या पेशी रंगवून पाहण्याची रीत शिकण्यास गेले आणि १९२८ त ब्रेस्लाऊला फोर्स्टर ह्यांच्याकडे, रोगी जागा ठेवून शस्त्रक्रिया करण्याचे तंत्र पाहण्यास. एका घराण्यावर न थांबणारा शिष्य! त्याच वर्षी ते माँट्रियलला आले आणि १९३४ त रॉकफेलर निधीच्या साहाय्याने तेथे मज्जासंस्थेची संस्था उभी राहिली. आपल्याकडे वेल्लोरला १९४९ त ज्यांनी ह्या शस्त्रक्रियेचा विभाग काढला ते डॉ. जेकब चँडी ह्याच संस्थेत तयार झाले.

विजेचे टोक लावण्याचा हेतू गाणी ऐकविण्याचा नव्हता. फेफऱ्याचे मूळ नेमके शोधावे, ते कापताना वाचेला नि हातापायांना धक्का लागू नये, एवढ्यासाठी ते रोग्यालाच विचारीत आणि प्रत्येक बिंदूवर आकड्याची चिठ्ठी ठेवीत. त्यातून मेंदूवरील शरीराचा नकाशा निघाला. त्यात ओठ, जीभ नि अंगठा ह्यांना अख्ख्या पाठीहून कितीतरी अधिक जागा आहे. गाणारे-वाजविणारे ह्यांस ह्याचे फारसे आश्चर्य वाटू नये.

मला मात्र ह्या माणसाची खरी परीक्षा १९२८ च्या डिसेंबरात झाली असे वाटते. सख्खी बहीण रूथ हिच्या मेंदूत गाठ निघाली आणि शस्त्र त्यांनीच हाती घेतले. उजव्या बाजूचा पुढचा बराच भाग काढावा लागला, तरी गाठ सगळी निघाली नाही. बहीण हसतबोलत घरी गेली. सव्वा वर्षाने एकदा भाऊ जेवायला आला असता तिने स्वयंपाक मांडला. जिन्नस सारे होते, चुलीवर एकदोन भांडीही होती; पण आधी काय नि मग काय, हा क्रमच तिला लागेना. ती रडकुंडीला आली. १९३१ त ती गेली. हे दुःख पेनफील्डांनी झाकून ठेवले नाही. मेंदूचा पुढचा भाग गेला म्हणजे माणसाचे काय जाते, ह्याचा दाखला म्हणून त्यांनी १९३५ त बहिणीची हकीकत वैद्यकांपुढे मांडली.

त्या तीस वेळांच्या चालीवरून मात्र त्यांनी थोडी लांब तान घेतली. ऐकलेले-पाहिलेले सारे मेंदूत तबकडीसारखे जसेच्या तसे उतरलेले असते, असे ते म्हणू लागले. पुढच्या संशोधकांस हे पटले नाही. कानशिलाचा भाग तपासलेल्या ५२० रोग्यांपैकी अवघ्या ४० जणांस असे अनुभव आले, आणि पुष्कळसे स्वप्नासारखे होते. तो बिंदू कापून काढला तरी आठवण राही, हे तर खुद्द पेनफील्डांनीच पाहिले होते. १९७६ साली ते वारले. आठवण राहते कोठे, हा प्रश्न त्यांच्यामागे शिल्लक राहिला.

माझे वडील बडोद्याच्या कलावंत कारखान्यातले गवई. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. अखेरच्या वर्षी अर्धांगाच्या झटक्याने त्यांची वाचा गेली. 'पाणी' एवढा शब्द उमटेना. एका संध्याकाळी मी सहज तंबोरा जुळविला, तो पलंगावरून यमनची अस्ताई आली, शब्दांसकट. डॉक्टर म्हणाले, बोलणे बहुधा डाव्या मेंदूचे, गाण्याला उजव्याचीही साथ असते. असेल. अंतऱ्यावर ते अडत. मी पहिला शब्द दिला की पुढचे सारे गात समेवर येत. मग थकून गप्प होत, आणि पाणी हवे असले की तांब्याकडे बोट दाखवीत.