संहिता, प्रयोग आणि अवकाश : ‘ग्रेहॉक’ ह्या कल्पित विश्वाच्या निमित्ताने

नाट्यसंहिता स्वयंपूर्ण असते की प्रयोगावाचून ती अपुरीच राहते, हा मराठी नाट्यसमीक्षेत वारंवार चर्चिला गेलेला प्रश्न आहे. नाटकाच्या चर्चेत सहसा न येणाऱ्या एका प्रकारात, म्हणजे ‘रोल-प्लेइंग गेम’मध्ये, तो अधिक तीव्र रूपात उभा राहतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत 1974 साली प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसलेल्या खेळाडूंपैकी प्रत्येकजण एकेक पात्र वठवतो. संचालक त्यांच्यासमोर जग उभे करतो व उरलेली सारी पात्रे स्वतः बोलतो. कृतीचे फलित संदिग्ध असेल तेथे फासे निर्णय देतात. प्रेक्षक नसतोच. अशी कथा महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे चालते. तिला ‘कॅम्पेन’ म्हणतात. ती ज्या जगात घडते ते छापील असू शकते किंवा संचालकाने स्वतः रचलेले, म्हणजे ‘होमब्रू’. व्यवहारात मात्र पुष्कळांचा मार्ग ह्या दोहोंच्या मधला असतो : जुने, प्रतिष्ठा पावलेले विश्व घ्यायचे आणि ते आपल्या टेबलापुरते नव्याने घडवायचे. प्रस्तुत लेखात ह्या पुनर्रचनेचे स्वरूप ‘ग्रेहॉक’ ह्या एकाच उदाहरणाच्या आधारे पाहावयाचे आहे.

आज अभिजात मानले जाणारे हे विश्व मुळात होमब्रूच होते, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. गायगॅक्स ह्यांनी विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथे आपली मुले व मित्र ह्यांच्यासाठी एक किल्ला व त्याखालची तळघरे रचली. भोवतालच्या प्रदेशाची गरज भासली तेव्हा उत्तर अमेरिकेचा नकाशाच पायाभूत धरला आणि ग्रेहॉक नगर साधारणतः शिकागोच्या जागी कल्पिले. 1980 साली हे विश्व छापले गेले ते अवघ्या 32 पृष्ठांत, सोबत डार्लीन ह्या चित्रकर्तीने काढलेल्या षट्कोनी घरांच्या विस्तृत नकाशासह. एकेक षट्कोन तीस मैलांचा. प्रत्येक राज्याविषयी राजाचे नाव, लोकसंख्या, संपत्तीची साधने आणि थोडा इतिहास, एवढेच. सुएल व बाकलुनी ह्या दोन प्राचीन साम्राज्यांनी एकमेकांचा संहार केला; त्यात सुएलांच्या भूमीवर ‘रंगहीन अग्नीचा वर्षाव’ झाला, असे संहिता सांगते; पण तो नेमका कसा झाला, ह्याविषयी ती जवळजवळ मौन पाळते. वोल्फगांग ईझर ज्यांना संहितेतील रिक्त जागा म्हणतो, त्या येथे दोषरूप नाहीत. त्या रचनेचे प्रयोजनच आहेत. कादंबरीचा वाचक अशी जागा मनातल्या मनात भरतो. येथे ती चारचौघांसमोर, बोलून भरावी लागते, आणि एकदा भरली की मागे घेता येत नाही.

पुढे प्रकाशकानेच ह्या जागा भरावयास घेतल्या. 1986 पर्यंत गायगॅक्स ‘टीएसआर’ ह्या कंपनीतून बाहेर पडले होते. 1988 साली ‘कॅसल ग्रेहॉक’ ह्या नावाने जे पुस्तक निघाले ते चक्क विडंबन होते. 1991 ते 1992 ह्या काळात एका महायुद्धाची कथा छापून ह्या विश्वाचे कालमान 576 वरून 585 ह्या वर्षापर्यंत नेण्यात आले. राज्ये कोसळली, सत्ता पालटल्या. ह्या लेखनात गुण नव्हते असे नाही. कार्ल सार्जंट ह्यांच्या ‘फ्रॉम द ॲशेस’मधील काळोखी वातावरण आजही परिणामकारक वाटते. परंतु जे वर्तमानात ताटकळत ठेवलेले होते ते भूतकाळात ढकलले गेले. ज्याच्या टेबलावर ते युद्ध खेळाडूंनी टाळले होते, त्या संचालकाने काय करावे? मूळ कर्त्याची अवस्था तर ह्याहून विपरीत झाली. आपला जुना किल्ला 2005 पासून पुन्हा प्रसिद्ध करू लागताना ग्रेहॉक हे नाव त्यांना वापरता आले नाही. स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून तो ‘कॅसल झॅगिग’ म्हणून काढावा लागला. 2024 सालच्या संचालकांसाठीच्या अधिकृत ग्रंथात नमुन्याचे विश्व म्हणून ग्रेहॉक परत आले, तेव्हा कालगणना पुन्हा 576 वर आणलेली होती. रिक्त जागांचे मोल प्रकाशकासही उमगल्याचीच ही खूण मानावी लागते.

रूपांतरकारापुढील खरी अडचण मात्र रिक्त जागांत नाही, भरलेल्या जागांत आहे. 1980 च्या संहितेत मानवी समूहांचे वर्णन त्वचा, केस व डोळे ह्यांच्या रंगांवरून येते. ऑर्कांसारखे समूह त्या काळच्या नियमांनुसार दुष्ट म्हणूनच वर्गीकृत आहेत. हा मजकूर निमूटपणे गाळणे किंवा ‘मूळ तसे आहे’ म्हणून जसाच्या तसा ठेवणे, हे दोन्ही सोपे मार्ग. मला ते दोन्ही अपुरे वाटतात. तिसरा मार्ग संहितेतच आहे. 1983 च्या आवृत्तीत हा सारा वृत्तांत प्लफेट स्मेजर नामक एका कल्पित पंडिताने लिहिल्याची बतावणी केलेली आहे. गृहस्थ राजविद्यापीठातील आहेत. (आपल्या व्यवसायबंधूंची लेखणी किती निःपक्षपाती असते हे वाचकांस सांगावयास नकोच.) निवेदक पात्र आहे असे एकदा मानले की त्याची वर्णने तथ्ये न राहता साक्ष होतात, आणि साक्षीची उलटतपासणी करता येते. ज्या फ्लान लोकांवरून ह्या भूमीला ‘फ्लानेस’ हे नाव पडले, ते नंतर आलेल्या स्थलांतरितांच्या इतिहासात मागे पडतात. त्यांच्या बाजूने 576 हे वर्ष खेळावयास घेतले तर नकाशातील एकही रेघ न बदलता निराळे जग हाती येते.

अभ्यासकाची पंचाईत पुढेच आहे. नाट्यप्रयोगाची निदान परीक्षणे उरतात. ह्या प्रयोगांचे तेवढेही उरत नाही. उरतात त्या संचालकांच्या वह्या, पेन्सिलीने खोडलेले नकाशे आणि छापील पानांच्या समासांत केलेल्या टिपा : हा राजा येथे मेला, हा येथे जिवंत आहे.