पेटीवरची धूळ

आमच्या ‘ह्यां’ना दोन वेडं. काचेच्या टाकीतले मासे आणि दारातली जुनी पद्मिनी. रविवारी मासेवाले मित्र जमले, की गप्पा टाकीतल्या पाण्यावरून कार्ब्युरेटरवर कधी जातात, कळतच नाही!

एकदा मी टाकीच्या फिल्टरचा स्पंज नळाखाली चकचकीत धुतला. दोन दिवसांत चार मासे गेले. पाणी निर्मळ ठेवणारे जिवाणू त्या स्पंजातच असतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळायचा, हे तेव्हा समजलं.

२०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा ह्यांचे डोळे पाणावले. माझी नजर मात्र कपाटावरच्या बाजाच्या पेटीकडे गेली. लग्नापासून तिच्यावर धूळच!

आता रविवारी मी पेटी काढते. चहा हेच करतात. मैत्रिणींनो, तुमची पेटी कुठाय?