डोळे आलेत की दुसरेच काही?



रेडिओवर सांगितलेली माहिती हाताशी राहावी म्हणून इथे छापली आहे.

पावसाळ्यात डोळ्यांची साथ पसरते. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये आळंदीसह राज्यभर लाखावर लोकांचे डोळे आले होते. लहान मुलाचे डोळे आले की आपण धावतो, पण मोठी माणसे हे दुखणे अंगावर काढतात. बदलापूर-अंबरनाथहून भाजीची पाटी घेऊन गाडीत बसतात, उल्हासनगरच्या बाजारात दिवसभर विकतात. त्याने साथ पसरते. शिवाय कधी कधी ते डोळे येणे नसतेच!

डोळे आल्याची लक्षणे :
1. डोळ्याचा पांढरा भाग लाल होतो. वाळू गेल्यासारखे खुपते.
2. पाणी गळते, पापण्या सुजतात. सकाळी चिपडांनी चिकटतात.
3. बहुधा आधी एक डोळा, मग एक-दोन दिवसांत दुसरा.
4. सोबत सर्दी, घसादुखी किंवा कानापुढे दुखरी गाठ असू शकते.
5. चिपडे पुसली की नजर पूर्वीसारखी स्वच्छ असते.

साथीतले डोळे बहुधा विषाणूने येतात आणि एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. पिवळा, घट्ट पू येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. दोन्ही डोळ्यांना नुसतीच खाज आणि शिंका असतील, तर ती बहुधा ॲलर्जी असते.

धोक्याची खूण ओळखा. डोळा आतून ठणकतो, अंधुक दिसते, उजेडात उघडवत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. किंवा लावणी-कापणीत भाताचे पाते लागले, झोडणीत कुसळ गेले आणि मग डोळा लाल झाला, तर ते डोळे येणे समजू नका. बुबुळाला जखम होऊन त्यात बुरशी वाढते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. अशा वेळी त्याच दिवशी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. फवाऱ्याचे औषध डोळ्यात उडाले तर आधी स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावे, मग निघावे.

दुकानातून मनाने थेंब आणू नयेत. काही थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने लाली उतरते, आराम वाटतो, पण आत बुरशी बळावते. मध, तूप, कांद्याचा रसही घालू नये.

साथ नजरेला नजर भिडून लागत नाही. हात, टॉवेल, उशी आणि गाडीतल्या दांड्यांवाटे लागते. साबणाने हात धुवावेत, टॉवेल वेगळा ठेवावा, डोळे चोळू नयेत. पाणी गळते तोवर बाजाराला दुसऱ्या कुणाला पाठवावे.

डोळा लाल दिसला की तीन प्रश्न विचारा : ठणकतोय का? नीट दिसते का? काही लागले होते का? एकाचेही उत्तर वाईट असेल, तर दिवस घालवू नका.