शरीरस्वास्थ्याचे मूळ मनोवृत्तीत

शरीर सुदृढ असावे, असे कोणाला वाटत नाही? व्यायामाचे महत्त्व शालेय पाठ्यपुस्तकांपासून आरोग्य केंद्रातील भित्तिपत्रकांपर्यंत सर्वत्र सांगितले जाते. तरीही गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर उत्साहाने सुरू झालेला व्यायाम वैशाख सरण्यापूर्वीच सुटतो, हा अनुभव घरोघरचा आहे. उणीव माहितीची नाही. ती अन्यत्र आहे, आणि तिचा शोध घेणे आज अगत्याचे झाले आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, तर आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात मांडलेल्या अंदाजाप्रमाणे, २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल आवश्यकतेपेक्षा कमी होती. ही आवश्यकता तरी किती? आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल, म्हणजे दिवसाला जेमतेम २२ मिनिटे. एवढाही वेळ निघत नसेल, तर दोष केवळ घड्याळाला देता येणार नाही.

श्रमाची सक्ती सरली

मुंबई उपनगर जिल्ह्यातील मनोरी हे खाडीपलीकडचे कोळी व शेतकरी वस्तीचे गाव. मार्व्याहून तरीने खाडी ओलांडली की तेथे पोहोचता येते. अशा किनारी गावांत पूर्वी व्यायाम हा शब्द कोणी फारसा उच्चारीत नसे. होडी वल्हवणे, जाळी ओढणे, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणे, भातशेतीत राबणे यांतच देहाचे चलनवलन होऊन जाई. पुढे होड्यांना यंत्रे बसली, रस्ते झाले, रिक्षा आल्या. कष्ट हलके झाले, हे स्वागतार्हच आहे. कारण त्या कष्टांनी कित्येकांच्या पाठी आणि गुडघे झिजविले होते. परंतु जी हालचाल न मागता घडत होती, ती आता ठरवून करावी लागते. सक्ती गेली आणि तिच्या जागी निवड आली. निवड करणे हे स्नायूंचे काम नाही, मनाचे आहे.

वर्सोव्यातील प्रारंभ

हा विचार ज्यांनी पद्धतशीरपणे मांडला, त्यांचे कार्य याच किनाऱ्यावर, मनोरीच्या दक्षिणेस वर्सोवा येथे सुरू झाले. गुजरातमधून शिक्षणासाठी मुंबईस आलेले मणिभाई देसाई हे कुस्ती व व्यायामाची आवड असलेले तरुण होते. सेंट झेवियर महाविद्यालयात शिकत असताना त्यांची परमहंस माधवदासजींशी भेट झाली आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. गुरूंजवळ योगाचे शिक्षण घेऊन त्यांनी २५ डिसेंबर १९१८ रोजी, दादाभाई नौरोजी यांच्या वर्सोव्यातील वास्तूत ‘द योग इन्स्टिट्यूट’ची स्थापना केली. पुढे ते श्री योगेंद्र या नावाने ओळखले गेले. १९४८ पासून ही संस्था सांताक्रूझ येथे कार्यरत आहे.

योग हा संन्याशांचा विषय मानला जाई, त्या काळात योगेंद्रांनी तो गृहस्थाश्रमी माणसाच्या दारी आणला. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी स्त्रियांच्या योगशिक्षणाचे कार्य हाती घेतले आणि त्यावर ग्रंथही लिहिला. नोकरी, संसार, मुलेबाळे सांभाळणाऱ्यांनी आसने करावयाची, तर ती साधी हवीत आणि त्यांच्यामागील मनोभूमिका पक्की हवी, हा या कार्याचा गाभा होता.

आसनामागचा भाव

संस्थेच्या शिकवणीत आसनाला ‘भावा’ची जोड दिली जाते. सांख्यदर्शनाने सात्त्विक बुद्धीची धर्म, ज्ञान, वैराग्य आणि ऐश्वर्य अशी चार रूपे सांगितली आहेत. त्यांचाच आधार येथे घेतला आहे. सुखासनात स्थिर बसताना कर्तव्याचे भान जागवावे. योगमुद्रेत पुढे वाकताना अहंकार सैल करावा. भुजंगासनात छाती उंचावताना आत्मविश्वास अनुभवावा, असा त्याचा आशय आहे. ऐश्वर्य म्हणजे येथे संपत्ती नव्हे, तर स्वतःवरील सत्ता.

याचा व्यवहारातील अर्थ सोपा आहे. वजन घटावे किंवा लोकांनी वाखाणावे एवढ्याच हेतूने चालणारा मनुष्य, काटा हलेनासा झाला की चालणे सोडतो. ‘हे माझे कर्तव्य आहे’ या भावनेने चालणाऱ्याला काट्याकडे रोज पाहावे लागत नाही.

संशोधन काय सांगते

आधुनिक मानसशास्त्रही याच निष्कर्षाकडे येते. अमेरिकेतील एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतानुसार, बक्षीस वा भीती यांतून आलेली प्रेरणा अल्पजीवी असते. स्वतःला पटलेल्या हेतूतून आलेली प्रेरणा टिकते. लंडनमध्ये झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नवी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हा काळ २५४ दिवसांपर्यंत जाईल असे अनुमान निघाले. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, हेही त्यात दिसले. दोन आठवड्यांत निराश होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

‘द योग इन्स्टिट्यूट’ने हृदयरोग्यांवर केलेला अभ्यास २००४ मध्ये भारतीय चिकित्सकांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आसने, आहार व मनःशांती यांची जोड असलेली जीवनपद्धती वर्षभर पाळणाऱ्यांत रक्तातील कोलेस्टेरॉल इतर रुग्णांपेक्षा अधिक घटलेले दिसले. हा परिणाम एकट्या मनाचा, असे मात्र म्हणता येत नाही. अनेक गोष्टी त्यात एकवटल्या होत्या. वैद्यकीय उपचारांना मनोबल हा पर्याय नव्हे. औषध वेळेवर घेण्याची शिस्तही शेवटी मनोवृत्तीतूनच येते.

आपल्या गावी, आपल्या कचेरीत

शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांना यातून काही करण्यासारखे आहे. शाळेत कवायत ही शिक्षा म्हणून दिली गेली, तर व्यायाम म्हणजे दंड हे समीकरण मुलाच्या मनात आयुष्यभर राहते; ती प्रथा थांबली पाहिजे. जिंकणाऱ्यांचा सत्कार करताना, वर्षभर नियमित मैदानावर येणाऱ्या मागच्या बाकावरील मुलाचेही कौतुक व्हावे. कचेऱ्यांत २१ जूनचा आंतरराष्ट्रीय योग दिन २०१५ पासून साजरा होतो. पण २२ जूनला काय घडते, यावर त्या दिवसाचे यश अवलंबून आहे. गावात महागड्या साधनांच्या व्यायामशाळेआधी चालण्याजोगा, दिवाबत्तीचा रस्ता आणि स्त्रियांना निर्धास्तपणे वापरता येईल अशी ठरावीक वेळेची मोकळी जागा मिळाली, तर निश्चय टिकविणे सोपे जाते. कारण मनोवृत्ती हवेत वाढत नाही, तिला सभोवतालचा आधार लागतो.

साधने शासन देऊ शकते, जागा पंचायत देऊ शकते, माहिती शिक्षक देऊ शकतो. पहाटे अंथरुणातून उठविणारा निश्चय मात्र प्रत्येकाने स्वतःच्या मनात रुजवावयाचा असतो. तो एकदा रुजला की देह त्याच्यामागून चालू लागतो.