शेंडेफळाच्या वाट्याचं वाद्य

बिल मन्रो हे ब्लूग्रास या अमेरिकी संगीतप्रकाराचे जनक, १९३९ मध्ये ते ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात आले आणि त्यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या ताफ्यावरून या संगीताला नाव मिळालं, ही अधिकृत कथा सगळ्यांना पाठ आहे. पडद्यामागची कथा केंटकीतल्या रोझिन गावच्या एका घरात सुरू होते. आठ भावंडांत बिल शेंडेफळ. थोरल्या बर्चनं फिडल (म्हणजे व्हायोलिनच, फक्त गावाकडच्या वळणाचं) आणि चार्लीनं गिटार आधीच बळकावलेलं. धाकट्यासाठी उरलं मँडोलिन. तेही अख्खं नाही. मँडोलिनला चार जोड्या मिळून आठ तारा. त्यातल्या चार काढून टाक, म्हणजे फार आवाज होणार नाही, असा भावांचा हुकूम. आज बर्च आणि चार्ली कोण, असं कुणी विचारलं तर पहिलं उत्तर मिळतं : बिलचे भाऊ.

नोकरीनिमित्त नॉर्थ कॅरोलायनात राहायला गेलो, तेव्हा मीही गिटार घेऊन ब्लूग्रासच्या एका जॅमला, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायच्या बैठकीला, हजर झालो. दर गुरुवारी, एका दुकानामागच्या खोलीत, खुर्च्यांचं वर्तुळ. मोजून नऊ गिटारी होत्या, माझी दहावी. वर्तुळ चालवणाऱ्या आजोबांना मी भीत भीत सांगितलं, की मला तीनच कॉर्ड येतात. ‘पुरे झाल्या,’ ते म्हणाले. (यात सौजन्य नव्हतं, ब्लूग्रासची बरीच गाणी खरोखर तीन कॉर्डांत आटपतात.) मग त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, ‘उंची किती तुझी?’ पुढच्या गुरुवारी माझ्या खांद्याला टेकून डबल बास उभा होता. गिटारच्या जाड चार तारांचेच सूर, फक्त एक सप्तक खाली. म्हणून गिटारवाल्याला तो लवकर जमतो, असं मला समजावण्यात आलं. खरं कारण महिन्याभरानं कळलं. आधीच्या बासवाल्यानं मुद्दाम छोटी गाडी घेऊन स्वतःची सुटका करून घेतली होती.

‘बँजोवाल्यांच्या शेजारी उभा राहतो,’ असं आईला फोनवर सांगितलं. ‘आपल्या मिरवणुकीत वाजतो तोच ना?’ मी शास्त्रार्थाला बसलो. आपल्या बँजो पार्टीतला बँजो म्हणजे खरं तर बुलबुल तरंग, टाइपरायटरसारख्या कळांचा. हा बँजो गोल, पडदा ताणलेला, पाच तारांचा. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी त्याचे पूर्वज इथे घडवले. आई शांतपणे ऐकत होती. ‘पण तो लागला की बाकी काही ऐकू येत नाही ना?’ हो, म्हटलं. ‘मग तोच.’

बँजोवाल्यांचा रुबाब मोठा. त्यांची पाचवी तार आखूड, दांड्याच्या मधूनच सुरू होणारी. गाणं जीमधून एमध्ये, म्हणजे आपल्या पांढरी पाचवरून पांढरी सहावर गेलं, की चार तारांना कॅपोचा चिमटा लावला तरी ही पाचवी बाहेरच राहते. तिला वर चढवण्याची नामी युक्ती मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा चष्मा पुसून पुन्हा पाहिली. हजारो डॉलरच्या बँजोच्या दांड्यात बारीक खिळे ठोकलेले होते. हे खिळे खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचे असतात.

या रुबाबाचं श्रेय अर्ल स्क्रग्जला. डिसेंबर १९४५ मध्ये तो मन्रोंच्या ताफ्यात आला आणि त्याच्या तीन बोटांनी श्रोते वेडे झाले. तोवर बँजोवाला म्हणजे ताफ्यातला विदूषक. त्यामुळे अंकल डेव्ह मेकन या बुजुर्ग बँजोवाल्यानं नाक मुरडलं, की पोरगं वाजवतं बरं, पण हसवत मुळीच नाही. खरी गंमत वेगळीच आहे. ही जागा मन्रोंनी १९४३ मध्ये डॉन रेनोला देऊ केली होती. तोही तीन बोटांनीच वाजवायचा. पण तो सैन्यात गेला, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढला आणि परतला तेव्हा खुर्ची भरलेली. १९४८ मध्ये स्क्रग्ज बाहेर पडल्याचं कळताच रेनो बँजो घेऊन थेट चालू कार्यक्रमात मंचावर चढला, असं सांगतात. खुर्ची मिळाली. शैलीला नाव मात्र तोवर स्क्रग्जचं पडलं होतं.

मन्रोंचा राग हा तर स्वतंत्र अध्याय. स्टॅनली बंधू ही ब्लूग्रासवाल्यांची जोडी आपली नक्कल करते हे त्यांना झोंबत होतंच. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं त्या दोघांना करारबद्ध केल्यावर मन्रोंनी कंपनीच सोडली आणि डेक्का गाठली. इतकं वैर, की पाणीही पाजू नये. १९५१ मध्ये या स्टॅनलींपैकी थोरला कार्टर काही काळ एका ताफ्यात गिटार वाजवत होता. ताफा मन्रोंचा.

असाच राग गिब्सन या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीवर. फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानात दीडशे डॉलरला मिळालेलं १९२३ चं मँडोलिन त्यांचा प्राण होता. दुरुस्तीला पाठवलं, तर सांगितलेली सगळी कामं न करताच परत आलं. मन्रोंनी खिशातला चाकू काढला आणि वाद्याच्या माथ्यावरचं ‘द गिब्सन’ हे नाव खरवडलं. ‘द’ तेवढा ठेवला. १९८० मध्ये समेट झाला. १९८५ मध्ये कुणीतरी घरात शिरून शेकोटीच्या सळईनं त्या मँडोलिनचा चक्काचूर केला. शेकडो तुकडे वेचून, जुळवून ते पुन्हा वाजतं करणारा कारागीर कुठला होता? गिब्सनचा.

आमच्या वर्तुळात सोवळं कडक. ढोल नाही, ताशा नाही. एक आणि तीनला मी, दोन आणि चारला मँडोलिनवाल्याचा तारा दाबून मारलेला ‘खट्’. या ठोक्याला चॉप म्हणतात आणि आमचा तबला तोच. एका गुरुवारी एक बाई अकॉर्डियन घेऊन आल्या. शांतता अशी पसरली, की जणू उपासाच्या पंगतीत कुणी कांदा चिरायला घ्यावा. एका बँजोवाल्यानं घसा साफ करून परंपरेवर बोलायला सुरुवात केली. आजोबांनी काही न बोलता १९४५ चं ‘केंटकी वॉल्ट्झ’ लावलं. गाणारे साक्षात मन्रो आणि मागे ठसठशीत अकॉर्डियन. वाजवणारी सॅली अ‍ॅन फॉरेस्टर, ‘ब्लू ग्रास बॉइज’मधली बाई. बँजोवाल्यानं परंपरा तिथेच आवरती घेतली आणि बाईंसाठी खुर्ची सरकवली. (आपल्यापासून लांबची.)

नवखे मला हल्ली विचारतात, जॅमसाठी कुठलं वाद्य शिकू? मी म्हणतो, आधी रिकाम्या हातानं या आणि काय कमी आहे ते बघा. गिटार कधीच कमी नसते. व्हायोलिन येत असेल तर मँडोलिनवर डावा हात बिनधोक ठेवा; दोन्हींच्या तारा एकाच सुरांत लावतात. कुणी गात असेल तेव्हा हळू वाजवा. आपली पाळी नको असेल तर मान हलवा, कुणी रागावत नाही. आणि येताना मोठी गाडी दूर उभी करा.

माझ्याकडे मात्र दोन वर्षांत कुणी वळून पाहिलं नव्हतं. मग एका गाण्याच्या ऐन मध्यात मला शिंक आली. एक नाही, लागोपाठ तीन. बास थांबला आणि दोन ओळींत वर्तुळ विस्कटलं. फिडल पुढे, बँजो त्याच्याही पुढे, नऊ गिटारी नऊ वाटांनी. गाणं बंद पडलं आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. आजोबा म्हणाले, ‘पुढच्या वेळी तालात शिंक.’

त्या रात्री बास गाडीत आडवा ठेवताना सहज तारा मोजल्या. चारच होत्या. भावांनी बिलला ठेवल्या होत्या तेवढ्याच.