वाटसरूचा हक्क

रमजान आला की घरोघरी जकातीचा हिशेब सुरू होतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा बाजूला काढायचा. तो कुणाला द्यायचा, हे कुरआनने ठरवून दिलं आहे. हकदारांचे आठ प्रकार आहेत. गरीब, कर्जात बुडालेले हे आपल्याला ठाऊक असतात. शेवटचा प्रकार मात्र पटकन आठवत नाही. तो म्हणजे ‘इब्नुस्सबील’, शब्दशः ‘वाटेचा लेक’. घरापासून दूर, परक्या ठिकाणी अडचणीत सापडलेला वाटसरू. आपल्या गावी तो खाऊनपिऊन सुखी असेल, पण वाटेत हात रिकामे असतील तर जकातीत त्याचा वाटा आहे. ही मेहेरबानी नव्हे, हा त्याचा हक्क आहे.

दादर पूर्वेच्या नायगावात गेलं की हा शब्द हटकून आठवतो. कारण इथली वस्तीच वाटेच्या लेकांनी वाढवली. १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने इथे बीडीडी चाळी उभारल्या. नायगावात अशा ४२ चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, नळ-संडास सामाईक. साताऱ्या-सांगलीकडचा घाटावरचा माणूस, रत्नागिरीचा कोकणी, सारे गिरणीच्या भोंग्यावर जगणारे. गिरणगावातल्या अनेक खोल्यांत पाळीप्रमाणे माणसं झोपत. एक कामावर गेला की दुसरा त्याच्या जागी पथारी टाकायचा.

बायका-मुलं गावी असलेल्या या माणसांना जेवायला कोण घालणार? ते काम केलं खानावळवाल्या बायकांनी. एखादी विधवा, एखादीच्या नवऱ्याची नोकरी गेलेली. पंधरा-वीस गड्यांचा भाकरतुकडा त्या आपल्या एका चुलीवर करायच्या. पैसे मिळायचे पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि पुढे मुंबईत आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची दारं उघडून दिली. वाटसरूला जेवू घालणाऱ्या हातांनाही हक्क असतो, हे त्यातून मान्य झालं.

माणूस गाव सोडतो, जिभेची चव सोडत नाही. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर मदनपुऱ्यात राहिले. पूर्वांचलच्या घरांत आजही इफ्तारीला काळ्या चण्याची घुगनी होते. चाळीतल्या शेजारणीला ती हरभऱ्याची उसळच वाटेल. सांदण कोकणी मुसलमानांच्या घरी नारळाच्या दुधात होतं आणि कोकणी हिंदूंच्या घरी फणसाच्या रसात. तांदळाची कणी तीच, वाफही तीच आणि नावही तेच.

पण सारे एका पंगतीत बसत, असं म्हटलं तर ते खोटं होईल. विणाई खात्यात धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढावा लागे. म्हणून विटाळाच्या नावाखाली दलित कामगारांना त्या जास्त पगाराच्या खात्यात घेत नसत. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. वाटसरूंमध्येही उंच-नीच होतं, हे विसरून गिरणगावाचं कौतुक करू नये.

ही भिंत पाडण्याचं काम शाहिरांनी मनावर घेतलं. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावाहून अण्णाभाऊ साठे कुटुंबासोबत पायी चालत मुंबईला आले. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल इथे शाहीर अमर शेख झाले. दत्ता गव्हाणकर त्यांचे तिसरे साथी. १९४४मध्ये या तिघांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि तमाशाला कामगाराची गोष्ट सांगायला लावलं. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड कारभारणीला गावी ठेवून आलेल्या माणसाची कथा सांगत संयुक्त महाराष्ट्रापर्यंत जाते. ती अमर शेखांच्या बुलंद आवाजात ऐकताना गाणारा कोण आणि लिहिणारा कोण, हे विचारायचं कुणाला सुचत नसे. दोघेही १९६९मध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने गेले.

१९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि खानावळीही आटल्या. आता बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फुटांचं घर, घरातच संडास. हे रहिवाशांना फार आधी मिळायला हवं होतं. मात्र ज्या सामाईक गॅलरीतून वाट्या इकडून तिकडे जात, ती टॉवरमध्ये नसते. दार बंद झालं की शेजाऱ्याच्या घरचा वास कळत नाही.

शिवाय वाटसरू संपलेले नाहीत. टॉवरच्या फाटकावरचा वॉचमन, पाठीवर डबा घेऊन इफ्तारच्या ऐन वेळी दुसऱ्याचं जेवण पोहोचवणारा मुलगा, बांधकामावरचा मजूर हे आजचे इब्नुस्सबील. त्यांचा धर्म न विचारता पाणी, खजूर आणि बसायला खुर्ची देता येते. आणि नायगावात एखादी म्हातारी खानावळवाली भेटली तर तिच्याशेजारी बसून तिच्या आठवणी वहीत उतरवून घ्याव्यात. शेकडो माणसं जेवू घातलेल्या त्या बायकांचा हिशेब अजून कुठेच नीट लिहिलेला नाही.