पायरी गाळू नये

घरची छायाचित्रे व दस्तऐवज स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर जपण्यासाठी पुष्कळ लोक ‘नेक्स्टक्लाउड’ वापरतात. त्याची आवृत्ती चढविताना पायरी गाळता येत नाही. 25 वरून 27 वर जायचे तर आधी 26 वर आलेच पाहिजे. 2023 साली निघालेल्या या 26 व्या आवृत्तीला निदान पीएचपी 8.0 लागते, सर्व्हरवर 7.4 असल्यास काम तेथेच अडते. अशा वेळी तर्क लढवीत बसू नये. लॉग, म्हणजे यंत्राची रोजनिशी, वाचावी. कारण बहुधा तीत लिहिलेले असते. मात्र डेटाबेस एकदा पुढे सरकला, की मागे फिरण्यास वाट नाही. मग तारते ती आधी घेतलेली प्रत; तीही डेटाबेस व फायली या दोहोंची, एकाच वेळची. ती नसेल, तर घरच्या आठवणीच पणाला लागतात.